खोल पाण्यातली नस

माझ्या सोनोग्राफी सेंटरमध्ये पहिली काही वर्षं वजनाचा काटा नव्हता. लोकांना याचं नवल वाटे. डॉक्टरकडे जायचं म्हणजे आधी काट्यावर उभं राहायचं आणि मग जीभ दाखवायची, असा आमच्या रत्नागिरीतला शिरस्ता. कुणी विचारलं, तर मी उजवा खांदा पुढे करून म्हणायची, "हा काय काटा! यावर तुमचं वजन बरोबर कळतं." पेशंट हसायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी साडीचा पदर खांद्यावर घेताना मी कशी विव्हळते, हे फक्त माझ्या नवऱ्याला माहीत होतं. तो हाडांचा डॉक्टर. पण 'शेकून काढ' यापलीकडे त्याने मला कधी औषध सांगितलं नाही.

हा खांदा कशाने गेला, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सोनोग्राफी म्हणजे पोटावर थंडगार जेली लावायची, इस्त्री फिरवल्यासारखा प्रोब फिरवायचा आणि टीव्हीत बघून बाळ कसं आहे ते सांगायचं, असं लोकांना वाटतं. बाळाचं तसं असतंही. बाळ पुढ्यात असतं, पाण्यात असतं आणि त्याला स्वतःलाच दिसायची हौस असते. पोटातल्या धमन्यांचं तसं नाही. त्या अगदी मागे, पाठीच्या कण्याला चिकटून असतात. मधोमध महाधमनी, आणि माडांच्या बागेत मोठ्या पाटातून छोटे पाट काढावेत तशा तिच्यातून निघालेल्या फांद्या. एक यकृताकडे, दोन मूत्रपिंडांकडे, एक आतड्यांकडे. यातल्या एखाद्या पाटात माती साचली, तर त्या बाजूचे माड सुकणार.

अठ्ठ्याण्णव साली मी कलर डॉपलर मशीन आणलं, ते या पाटांतलं पाणी मोजायला. टेम्पोतून ते उतरलं तेव्हा आमच्या सुमनने त्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला आणि शिंतोडे उडाले म्हणून माझी बोलणी खाल्ली. सुमन म्हणजे माझी मदतनीस. संगमेश्वराकडची, आवाजाने खणखणीत, पेशंटला रांगेत बसवण्यापासून मला चार गोष्टी सुनावण्यापर्यंत सगळी कामं करणारी. मशीनचं तंत्र मी लोकांना एसटीवरून समजवायची. एसटी हॉर्न वाजवत जवळ येते तेव्हा हॉर्न चढा लागतो आणि पुढे निघून गेली की उतरतो. मशीनने अंगात सोडलेला, धावत्या रक्तावर आपटून परत येणारा आवाजही तसाच चढतो-उतरतो. किती चढला त्यावरून रक्ताचा वेग कळतो. मशीन जवळ येणारं रक्त लाल दाखवतं, लांब जाणारं निळं. दापोलीकडचे एक बागायतदार पडद्यावरचा निळा रंग बघून इतके धास्तावले, की बायकोला म्हणाले, "बघ, तुझ्या हातचं खाऊन काय झालं ते!"

आता वजनाचं. कातडीखाली चरबीचा थर जितका जाड, तितका आवाज वाटेत दमतो. दमलेला आवाज धमनीपर्यंत पोचतो कसाबसा, आणि परत येताना तर त्याचा नुसता फुसफुसाट उरतो. मग खोलवर जाणारा जाडाभरडा आवाज वापरावा लागतो, आणि त्याने चित्रही जाडंभरडं येतं. तिरक्या कोनातून बघावं लागतं, आणि कोन जरा चुकला की वेगाचा आकडा भलतीकडे जातो. रक्त वाहत असूनही कधी कधी मशीन रंगच दाखवत नाही. पुस्तकात नॉर्मल वेगाचे आकडे दिलेले असतात. ते ज्याच्यावरून काढले, तो पुस्तकातला माणूस अंगाने बेताचा, उपाशीपोटी आलेला, 'श्वास रोखा' म्हटलं की रोखणारा. तो मला रत्नागिरीत कधी भेटला नाही. भेटलाच, तर मे महिन्यात फणस खाऊन आला असेल. पोटात एवढी हवा, की आवाजाची वाटच बंद.

म्हणून दाबायचं. जाड माणसाच्या पोटावर प्रोब रोवून, अंगाचा भार घालून दाबलं, की चरबी आणि आतड्यांतली हवा बाजूला सरते आणि धमनी थोडी जवळ येते. माझा खांदा या दाबण्यात गेला. गंमत अशी, की बारीक माणसावर असंच दाबलं तर धमनीच दबून चिंबते. नळाच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी कसं जोरात उडतं, तसं आतलं रक्त त्या चिंबलेल्या जागेतून सुसाट धावतं. मशीन आजार असल्यासारखा मोठा आकडा दाखवतं आणि खरा आजार असतो डॉक्टरच्या हातात. म्हणजे जाड माणसाच्या बाबतीत मशीन मुकं आणि बारीक माणसाच्या बाबतीत ते थापा मारण्याची शक्यता. मधला मार्ग हातानेच शिकायचा.

हे मी नाटकी ढंगात, हातवारे करत सांगायची. पोफळीच्या नलावडे साहेबांनाही तसंच सांगितलं होतं.

नलावडे साहेब पोफळीच्या वीजघरात नोकरी करून निवृत्त झालेले. अंगाने आडवे, बुलंद, गप्पिष्ट. जेवण झालं की पोटात कळ यायची म्हणून त्यांच्या फिजिशियनने डॉपलरसाठी पाठवलेलं. आतड्यांची धमनी अरुंद झाली असेल, तर असंच होतं. रिकाम्या पोटी आतडी झोपलेली असतात, थोड्या रक्तावर त्यांचं भागतं. जेवलं की त्यांना पुष्कळ रक्त लागतं, आणि नेमकं तेव्हा ते मिळत नाही. माणसाचं पोट भरलेलं आणि आतडी उपाशी. मग कळ येते, माणूस जेवणाला भ्यायला लागतो, कमी खातो आणि वाळत जातो. धमनी पुरती बंद पडली, तर आतडी काळी पडतात आणि मग हातात फार थोडा वेळ असतो.

साहेब पलंगावर आडवे होऊन मलाच शिकवत होते. "मॅडम, आमच्याकडे पण हेच. डोंगरातून पाइपाने पाणी येतं. कुठे काय बिघडलं, तर कानाला आधी कळतं."

"साहेब, आज माझ्या कानाला काहीच कळत नाहीये," मी घामाघूम होऊन म्हटलं. समोरून दाबलं, कुशीवर वळवून पाहिलं, पाणी पाजून पाहिलं. पडद्यावर नुसतं धुकं. मी त्यांना सरळ सांगितलं, की धमनी दिसत नाही, ती चांगली आहे की वाईट हे मला सांगता येणार नाही, मुंबईला जाऊन शिरेत औषध सोडून धमनीचा फोटो काढून घ्या.

साहेब शर्टाची बटणं लावत हसले. "बघू. एवढं मोठं काही असतं, तर तुमच्या मशीनला दिसलं असतं."

मी पुन्हा सांगितलं. रिपोर्टात लिहिलं, फिजिशियनला फोन केला. त्यांनीही सांगितलं. साहेब गेले नाहीत.

पुढे कधीतरी त्यांच्या बायको स्वतःच्या पित्ताच्या खड्यासाठी माझ्याकडे आल्या. कपाळ मोकळं. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "साहेब गेले. कराडला नेलं होतं. आतडं काळं पडलंय म्हणाले. पोट उघडून तसंच मिटलं."

मी त्यांच्या पोटावर प्रोब ठेवला. त्या छताकडे बघत बोलायला लागल्या. "शेवटी शेवटी किती बारीक झाले होते म्हणून सांगू! शर्ट लोंबायचे. इतकी वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते, वजन कमी करा, वजन कमी करा. मला वाटलं, चला, या वयात का होईना, माझं ऐकलं. मी शेजारणींना सांगायचे हो कौतुकाने." मग माझ्याकडे मान वळवून त्यांनी विचारलं, "तेव्हा तुमच्याकडे परत आणलं असतं, तर दिसलं असतं का?"

मी म्हटलं, "सांगता येत नाही." ते खरंही होतं. पण त्या गेल्यावर मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं नाही. बाजारात जाऊन वजनाचा काटा घेऊन आले.

तेव्हापासून, ज्याची धमनी वजनापायी दिसली नाही, त्याला मी मुंबईचा रस्ता तर दाखवायचीच, वर बजावायची, "नाही गेलात, तर निदान एक करा. कपडे सैल व्हायला लागले, तर खूश होऊन घरी बसू नका. माझ्याकडे या."

हमीदाआपांनाही हेच बजावलं होतं.

हमीदाआपा मिरकरवाड्याच्या. नवरा वारल्यावर त्याच्या दोन मासेमारी लाँचा त्यांनी चालवल्या. बंदरावर माशाचा लिलाव सुरू असताना त्या नुसत्या येऊन उभ्या राहिल्या, तरी व्यापारी भाव जपून बोलत. देह असा, की माझ्या दारातून त्या आत आल्या तेव्हा खोलीतला उजेड कमी झाला. दोन्ही हातांत सोन्याच्या पाटल्या, मनगटात अशा रुतलेल्या, की त्या काढायच्या म्हणजे सोनाराला कानस घेऊन बोलवावं लागलं असतं. जेवल्यावर पोट दुखतं म्हणून लेक नसरीन त्यांना घेऊन आली होती.

सुमनने काट्याकडे बोट दाखवलं. आपांनी काट्याकडे पाहिलं, मग सुमनकडे.

"हा मोडला, तर भरून कोन देनार, तू?"

"मोडत नाय, आपा. चढा."

"तू चढ. तुला बगून मी माझा सांगते." आणि त्या थेट पलंगावर जाऊन बसल्या. पलंग कुरकुरला.

मी माझे सगळे प्रयोग केले. स्टुलावर एक गुडघा टेकवून, खांद्याने रेटा देऊन दाबलं. आपांना गुदगुल्या व्हायच्या, त्या हसायच्या, आणि त्यांच्याबरोबर माझा प्रोब, माझा हात आणि मी, सगळे वरखाली. शेवटी मी हात टेकले.

"काय गो?" आपा म्हणाल्या. "आमच्या लाँचवर हाय तुझ्यासारखा मशीन. पान्यात आवाज सोडता नि खालची मच्छी दाखवता. त्याला एवढ्या समुद्रात मच्छी गावता नि तुला माझ्या पोटात नस गावत नाय?"

"आपा, तुमच्या पोटाचं पाणी फार खोल आहे."

ही तुलना त्यांना इतकी आवडली, की पुढे बंदरभर सांगत सुटल्या. पण मुंबईचं नाव काढताच हात झटकला. कळ येते आणि जाते, लाँचा सोडून मुंबईला जाऊन बसायला कुणाला वेळ आहे? मी कपड्यांचं बजावलं. त्यावर तर त्या पोट धरून हसल्या.

"माझे कपडे सैल? अगो, माझा शिंपी उपाशी मरल!"

जाताना सुमनच्या हातात पापलेटांची पिशवी दिली आणि गेल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. रमजानचा महिना होता, ईद तोंडावर आलेली. मी आतल्या खोलीत एका पेशंटचं पोट बघत होते. बाहेरच्या बाकावर कुणीतरी येऊन बसलं आणि बांगड्यांचा किणकिणाट ऐकू आला. सैल बांगड्यांचा, कोपरापर्यंत खाली-वर होणाऱ्या. मग सुमनचा आवाज आला, "अगो बाय! आपा, तुमी? वळखलाच नाय! काय खाता काय तुमी? मला पन सांगा!"

मी प्रोब हातात घेऊनच दारात आले.

पाटल्या त्याच होत्या. एका हाताची पाटली आपा मुद्दाम हलवून सुमनला दाखवत होत्या. चेहरा उतरलेला, गळ्याखाली कातडी लोंबलेली, आणि त्यावर ते जुनं हसू जसंच्या तसं. त्या स्वतःसाठी आल्याच नव्हत्या. नसरीनला दिवस गेले होते, तिच्या सोनोग्राफीला सोबत म्हणून आल्या होत्या. मला बघताच त्या टुणकन उठल्या आणि आपणहून काट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"वाच गो, सुमन. मोट्यान वाच. आख्खा मिरकरवाडा बोलता, हमीदा पोरीवानी दिसाय लागली."

सुमनने काटा वाचला आणि टाळी वाजवली. मला पोफळीच्या बाई आठवल्या, छताकडे बघत बोलणाऱ्या.

मी विचारलं, "आपा, पोटाचं काय?"

"पोट? आता बरा हाय. रोजे सुरू झाल्यापासना दिवसभर कायच नाय. अल्लाची मेहेर."

"आणि रोजा सोडल्यावर?"

त्यांनी पाटली मनगटावर गोल फिरवली. "जरा होता मग. दिवसभर उपास नि एकदम खाल्ला की कुनाला पन होता."

दिवसभर उपाशी असताना सुख आणि खाल्लं की दुःख. घरच्यांना तो महिन्याचा आशीर्वाद वाटत होता. मला त्यात धमनी दिसत होती. आणि रोजा असल्यामुळे त्या आयत्याच उपाशीपोटी माझ्या दारात उभ्या होत्या. आतल्या पेशंटचं आटोपून मी म्हटलं, "नसरीनचं नंतर. आधी तुम्ही आडव्या व्हा."

"मी कशाला? ती जेली लावून रोजा तुटंल माझा."

"आपा, ती पोटाला लावायचीय. चाखायची नाही."

त्या कुरकुरत आडव्या झाल्या. या वेळी पलंग कुरकुरला नाही. मी प्रोब ठेवला, आणि जिथे आधी नुसतं धुकं होतं, तिथे महाधमनी लख्ख उभी. तिच्यातून निघणारी आतड्यांची धमनीही दिसली. आणि तिच्या मुळाशी, जिथे शांत लाल रंग असायला हवा, तिथे पिवळ्या-हिरव्या ठिणग्या उडत होत्या. आकडा घेतला. फार मोठा आला.

धमनी सापडली, तरी आनंद व्हायचं कारण नव्हतं. सगळ्यात आधी मला माझ्या हाताचा संशय आला. इतकी वर्षं दाबायची सवय. आपांच्या पोटावर तर मी दाबूनच काम केलेलं, आणि आता त्या पोटावर दाबायला काही उरलं नव्हतं. धमनी अरुंद होती, की मीच ती चिंबवत होते? हाताने दाबलं की मशीन थापा मारतं, मी सुमनकडे बघून पुटपुटले. मी जेलीचा ढीग ओतला आणि प्रोब पोटावर न टेकवता त्या ढिगावर तरंगत धरला. खांद्याला सवय नव्हती. पुन्हा आकडा घेतला. तेवढाच.

मग मी मशीनचा आवाज मोठा केला. निरोगी धमनीचा आवाज वल्हं मारल्यासारखा असतो, हुप्प... हुप्प... मध्ये विसावा घेत. आपांच्या पोटातून जे आलं, ते किंचाळणं होतं. बारीक फटीतून वारा घुसावा तसं. दाराशी उभ्या असलेल्या नसरीनने स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

"ही माझी नस?" आपांनी विचारलं.

"तुमची."

मी त्यांना सगळं सांगितलं. धमनी कुठे अरुंद झालीय, खाल्ल्यावर का दुखतं, त्या बारीक का होत चालल्यात. पोफळीच्या साहेबांचं नाव घेतलं नाही, पण गोष्ट सांगितली. उद्याच्या गाडीने मुंबईला निघा म्हटलं.

आपांनी डोळे मिटून घेतले. "ईद होऊदे. मग नसरीनची बालंतपना होऊदे. तिचा घरवाला कतारला. तिचा कोन करनार?"

"आपा, तुमची लाँच चालवणाऱ्या तांडेलाने तुमच्या त्या मशीनमध्ये बघून सांगितलं, की पुढे खडक आहे, तर तुम्ही काय म्हणाल? ईद झाल्यावर बघू?"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे नाही, पडद्याकडे पाहिलं. "मगाशी तू सुमनला काय बोललीस? हातान दाबला की मशीन झूट बोलता?"

मी तसं पुटपुटले होते खरी. आडव्या पडल्या पडल्या त्यांनी ते ऐकलं होतं.

"बोलले. म्हणून हात उचलून पाहिलं."

"परत बग."

मी पुन्हा जेली ओतली, प्रोब ठेवला. तेव्हा आपांनी आपला हात वर केला, पाटली कोपराकडे घरंगळली, आणि त्यांनी माझं मनगट खालून धरलं. लिलावात मासा उचलून वजनाचा अंदाज घेतात, तसं त्यांनी माझ्या हाताचं वजन आपल्या तळव्यावर घेतलं आणि तो हळूहळू वर उचलला. प्रोब जेलीत जेमतेम टेकलेला. आता माझ्या हाताचा भार त्यांच्या पोटावर नव्हता, त्यांच्याच हातावर होता. आवाज तोच. तसाच किंचाळत होता.

त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

नसरीन पुढे आली. "अम्मी, ईदची बिर्यानी तू सगल्यांना वाडशील. खाशील काय? मना काय दिसत नाय? इफ्तारला ताट घेऊन मोरीत जातेस नि मांजरांना घालतेस."

"तुला कुनी सांगितला?"

"मांजरी जाड झाल्या, अम्मी."

सुमन फिस्सकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावून रडायला लागली. आपाही हसल्या, पण ते हसू अर्ध्यावर थांबलं. मग खालच्या आवाजात, बंदरावर कुणी कधी ऐकला नसेल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "मना लाज वाटली गो. एवढ्यांना खायला घालनारी बाई मी. मी जेवनाला भितंय, ह्या कुना सांगू?"

दुसऱ्या दिवशीच्या रेल्वेने त्या गेल्या. गाडीत बसेपर्यंत नसरीनला लाँचांच्या डिझेलबद्दल सूचना देत होत्या म्हणे. मुंबईच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि लगेच ऑपरेशन ठरवलं. पायातली शीर काढून पोटात नवा पाट बांधला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. हे वाक्य आमच्या धंद्यात फार कमी वेळा कानावर पडतं. ते ऐकताना, ज्यांना ते ऐकायला मिळालं नाही, त्या पोफळीच्या बाई मला डोळ्यांसमोर दिसत होत्या.

ईदच्या दिवशी सेंटरमध्ये फोन वाजला. तिकडून धाप लागलेला, पण ओळखीचा आवाज.

"डॉक्टरीन? ईद मुबारक. मना आज सूप दिलानी."

"कसं होतं?"

"पानी. नुसता पानी. पन दुखला नाय गो."

पुढे माझ्या हातून पुष्कळ पोटं गेली. नवी मशीनं आली, ती जास्त खोलवर बघतात. खांद्याला आता इंजेक्शनं चालू आहेत आणि नवरा अजूनही शेकायलाच सांगतो. पण मला सांगायचा आहे तो त्यानंतरच्या वर्षीचा एक दिवस. मुंबईच्या डॉक्टरांनी आपांना लिहून दिलं होतं, की नवा पाट नीट वाहतोय का, ते रत्नागिरीतच डॉपलर करून बघून घ्या.

आपा आल्या आणि खोलीतला उजेड कमी झाला. कडेवर नसरीनची मुलगी, आजीच्या पाटलीला लोंबकळत ती ओढायचा प्रयत्न करत होती. पाटली हलत नव्हती.

सुमनने काट्याकडे बोट दाखवलं. आपांनी मान उडवली. "मोडंल." पण नातीला सुमनकडे देऊन चढल्या. सुमन वाकून आकडा बघायला लागली आणि बघतच राहिली.

"वाच की गो."

"नको, आपा. दृष्ट लागंल."

मी त्यांना आडवं केलं. पलंग कुरकुरला. जेली लावली, प्रोब रोवला, गुडघा स्टुलावर टेकवला आणि खांद्याचा सगळा भार घातला. समोरून, कुशीवरून, बरगडीखालून पाहिलं. महाधमनी नाही, तिच्या फांद्या नाहीत, मुंबईच्या डॉक्टरांनी बांधलेला पाट नाही. पडद्यावर नुसतं दाट, करडं धुकं. आवाज मोठा केला, तर फुसफुसाट. या धुक्याला मी इतकी वर्षं शिव्या दिल्या होत्या.

"काय दिसला?" आपांनी विचारलं.

"काहीच नाही. खोल पाणी."

"मंग? परत मुंबईला पाठवतेस?"

फोटोसाठी एकदा जायला लागणारच होतं, आणि ते मी त्यांना सांगितलं. पण प्रोब मी पोटावरून उचलून मशीनला अडकवला आणि त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले. बाहेर बाकावर रांग होती. सुमन नातीला खेळवत दारातून डोकावली, माझ्याकडे बघून पुन्हा बाहेर गेली.

मी विचारलं, "आपा, काल रात्री काय काय जेवलात?"

"काल?" त्यांनी पोटावरची जेली पुसत आठवायला सुरुवात केली. "काल सुरमई केली होती, तलून. दोन तुकडे. नाय, तीन. मंग सोलकडी. तांदलाची भाकरी. नसरीनन कोलंबीचा भात केला होता, तो जरा चाखला. जरा म्हंजे एक ताट. मंग फिरनी..."

"आणि मग दुखलं?"

"काय दुखला?" आपांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच आठवेना. मग आठवलं. त्यांनी तळवा पोटावर ठेवला आणि क्षणभर तसाच राहू दिला.

"नाय गो," त्या म्हणाल्या. "मंग पान खाल्ला."